पाठीचा पुरावा

"भाषण कर, पण सदरा काढू नकोस," असं मी सायलसला निघताना बजावलं होतं. दक्षिणेतून पळून आलेला गुलाम व्यासपीठावर चढला की बोस्टनच्या या दयाळू लोकांना आधी त्याची पाठ बघायची असते. आणि मालक पेपरात पळालेल्यांना धरून आणायच्या जाहिराती देतात, त्याही पाठीवरच्या खुणांसकट.

चर्च खचाखच भरलं होतं. आईला विकलं तो दिवस माझा नवरा सांगत होता आणि बायका डोळे टिपत होत्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक गोरा गृहस्थ उठला.

"थापा आहेत सगळ्या! गुलाम कधी इतकं शुद्ध बोलतो होय?"

कुजबुज सुरू झाली. पाद्री सायलसच्या कानाशी लागले. मी मागच्या बाकावरून नको म्हणून जोरजोरात मान हलवत होते. पण चाबूक खात, लपूनछपून तो ही भाषा शिकला होता. तिच्यामुळेच आपण खोटे ठरतोय हे त्याला सोसलं नाही. त्याने सदरा काढला आणि पाठ फिरवली.

वळांच्या जाळ्यात, डाव्या खांद्यावर, मालकाने डागलेलं अक्षर सगळ्यांना दिसलं.

त्या गृहस्थाने चष्मा लावला, खिशातून पेपरचं कात्रण काढलं आणि ओळीवर बोट ठेवत एकेक खूण ताडून पाहिली. मग कात्रणाची नीट घडी घातली.

"माफ करा," तो हसून म्हणाला, "माझी खात्री पटली."

अख्खं चर्च टाळ्या वाजवू लागलं.