एअरबॅगचा लाल दिवा

एअरबॅगचा लाल दिवा पुन्हा पेटला, तसं किशनचं डोकं फिरलं. मायला गाडीत बसवून तो मेडशीहून थेट वाशिमच्या गॅरेजात पोचला.

“दर येळी दुरुस्त करता अन् घरी नेली का दिवा चालू! काय करून राह्यले तुमी?”

मेकॅनिकनं मशीन लावलं. “गाडीनं फॉल्ट नोंदवला हाये, सीटखालची वायर ढिली. मी पक्की करतो, तुमी तिथं काहीतरी कोंबता. अशात धडक झाली तं एअरबॅग फुगनारच नाई.”

“पाहा ना, काय हाये सीटखाली?” किशन ओरडला. मेकॅनिकनं वाकून पाहिलं, सीटखाली काहीच नव्हतं.



मांडीवरचं गाठोडं सावरत माय म्हणाली, “गाडीले काही होऊ नये म्हून देवीचा नारळ ठेवते तिथं. गॅरेजात कोनाचा पाय लागंल, म्हून येताना काढून घेते.”