वॉचमनची परीक्षा

दापोड्याच्या एका गोडाऊनला रात्रपाळीचा वॉचमन पायजे होता. आले दोघं. आमच्या गावचा शेतकरी दामू आणि भिवंडीत वीस वर्षं लूम चालवून आता बेकार झालेला दीपेश. मी सुपरवायझरला म्हटलं, "साहेब, कोणाचं काळीज घट्ट हाय ते आत्ता दाखवतो!"

दामू गेटवर उभा होता. त्याच्या मागे लवंगीची माळ लावली. "मेलो गं आये!" करत गडी चपला टाकून गटारापलीकडे! हसून हसून माझं पोट दुखलं.

मग टपरीवर पाठमोऱ्या बसलेल्या दीपेशमागे दुसरी माळ लावली. तडतड तडतड! हा आपला निवांत बशीतला चहा फुंकतोय.

"वा! असाच माणूस पायजे!" सुपरवायझर खूश. "दीपेशभाऊ, उद्यापासून ड्युटीवर या!"

दीपेश वळला न्हाय. परत हाक मारली, तरी न्हाय. त्याची बायको रूपा गेटजवळून धावत आली, "साहेब, जरा समोर येऊन बोला ना त्यांच्याशी!"

सुपरवायझरचं हसू गेलं.



"ओ दामूशेठ," तो गटाराकडे बघून ओरडला, "या इकडं, घाबरू नका."