हजार किलोमीटरचा अबोला

“बाराशे मेगावॅट पाठवतोय,” तो फोनवर म्हणाला.

“बाराशे मेगावॅट पाठवताय. समजलं,” तिकडून बायको म्हणाली.

तो धरणाजवळच्या वीजकेंद्रात, ती हजार किलोमीटरवरच्या शहरातल्या केंद्रात. मध्ये एकच लांबलचक लाइन, वाटेत एकाही गावाला वीज न देता थेट शहर गाठणारी. दोन्ही टोकांना नियम कडक. फोनवर आलेला निरोप शब्द न शब्द परत म्हणायचा, मगच बटणाला हात लावायचा.

गेल्या महिन्यात लग्नाच्या वाढदिवसालाही हा गडी घरी गेला नाही. “लाइन चालू असताना मी कसा येऊ?” हे त्याचं ठरलेलं उत्तर. तेव्हापासून बायकोने अबोला धरला. घरी फोन केला की मुलगी सांगायची, “आई म्हणते, आई घरात नाही.” राहता राहिला हा कामाचा फोन. इथे तिला बोलणं भागच होतं, आणि तो बिचारा मेगावॅटच्या आकड्यांवर संसाराची तहान भागवत होता. तिची त्याला खरंच फार आठवण येत होती.

आज त्याने डोकं लढवलं. नियम म्हणजे नियम!

“पुढचा निरोप घ्या,” तो घसा खाकरून म्हणाला. “चूक माझी झाली.”

“चूक तुमची झाली. समजलं.” हे ती जरा जास्तच खणखणीत म्हणाली. त्याच्या मागे उभ्या साहेबांना चहाचा ठसका लागला.

“आणखी एक. राग गेला.”

“हा निरोप घेता येणार नाही.”

त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात तिचाच आवाज आला, “आता माझा निरोप घ्या. लाइनवरचा भार शून्यावर आणा.”

तो खुर्चीतून उठलाच. “शून्यावर? काय बिघडलं?”

“काही बिघडलं नाही. लाइनची वार्षिक देखभाल या आठवड्यात मागून घेतली मी. महिनाभर दोन्हीकडच्या साहेबांच्या मागे लागले होते. शहराला वीज दुसरीकडून मिळेल, आणि तुमचं पाणी धरणातून कुठे पळून जात नाही.”

त्याने वळून पाहिलं. साहेब घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागले.

“तर अहो, लाइन बंद. मुकाट्याने संध्याकाळच्या गाडीने घरी या,” बायको म्हणाली, “आणि हे शब्द न शब्द परत म्हणा!”