मर्लोची चूळ

कुणाला खरं वाटणार नाही, पण मी मर्लो द्राक्षाची लाल वाइन तोंडात घेतली आणि घोटभरही गिळली नाही. नाशिककडच्या वाइनवाल्यांचे खोके अंजूरला आमच्याच गोदामात असतात, म्हणून मला मळा बघायचं आमंत्रण होतं. दारू सोडली होती; पुन्हा प्यायलो तर बायको पुतळाबाई कायमची लेकीकडे जाणार होती. आता भांडायचं त्राण दोघांतही नाही. घरी येताच तिला सगळं सांगितलं. द्राक्षं सालीसकट आंबवतात, ओकच्या पिंपात वर्षभर मुरवतात. पाहुणे चाखून थुंकतात, मीही थुंकलो. आधी जांभळाचा तुरटपणा, मग लाकडाचा वास, आणि खाली उतरली की छातीत मंद ऊब.



पुतळाबाईने दमल्या हातांनी फळीवरची कपड्यांची पिशवी काढली. "थुकलात ना? मंग छातीतली ऊब कोनी सांगितली?"