कमी झिजलेली टोकं

१९६४ साल. कातळ फोडताना ड्रिलची पोलादी टोकं कशी झिजतात, यावर सांगलीच्या एका कॉलेजातले देशिंगकर सर संशोधन करत होते. साताऱ्याकडच्या एका घाटात बोगद्याचं काम चालू होतं, तिथून झिजलेली टोकं त्यांच्याकडे यायची. सगळ्यांची टोकं दोन दिवसांत बोथट व्हायची. जालिंदर नावाच्या कामगाराची मात्र पाच दिवस टिकायची. पोलाद तेच, कातळही तोच.

कारण शोधायला सर स्वतः बोगद्यात गेले. जालिंदर थोड्या थोड्या वेळानं मशीन बंद करून कातळाला कान लावत होता. तेवढ्या वेळात टोक थंड होत होतं, म्हणून कमी झिजत होतं. सर खूश झाले.

"कातळ कुठं ठिसूळ आहे ते ऐकतोस होय रे?"

"न्हाई साहेब. श्रावणात हितं आत दरड पडली, तवा माझा धाकला भाऊ केरू पल्याड अडकला. दोन दिस आतनं ठोकत हुता. आमी पोचायच्या आत थांबला."

"श्रावणात? अरे, सात महिने झाले की."

"व्हय," म्हणत त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं.

सरांनी अहवालात एवढंच लिहिलं की टोक थंड व्हावं म्हणून दर पाच मिनिटांनी मशीन थांबवावं. तसा नियम झाला.

पुढच्या महिन्यात सर पुन्हा बोगद्यात गेले.


पाच मिनिटं झाली, वीसही मशीनं एकदम थांबली, आणि विडी पेटवायचं सोडून सगळे कामगार कातळाला कान लावून उभे राहिले.