उलटी बरणी

साठवणीच्या मेजावर सॉसच्या दोनशे चाळीस बरण्या होत्या. बारा रांगा, रांगेत वीस. दोनशे एकोणचाळीस सरळ, एक उलटी.

शुक्रवारी हे मेज रिकामं होतं. मिरेल्लाने स्वतः पाहून कारखान्याला कुलूप लावलं होतं.

भरणयंत्र आणि लेबलयंत्र यांच्या मधोमध हे मेज. सोमवारी सॉस पंच्याऐंशी अंशांवर पोचून भरण सुरू होईपर्यंत लेबलयंत्र इथल्या बरण्यांवर चालायचं. मेज रिकामं असलं की लाइन सुरुवातीलाच अडकायची. आज एकदा जरी अडकली, तरी मुख्य कचेरी ती उचलून रोमानियाला नेणार होती. नऊ जण घरी बसणार होते. लाइन किती वेळा थांबते ते मोजायला कचेरीनेच मिरेल्लाला पाठवलं होतं.

"कोणी भरलं हे?"

"आम्हाला काय विचारता, इंजिनिअरबाई?" लेबलयंत्रावरची लोरेदाना म्हणाली. "शुक्रवारी आम्ही सगळे आर्तेमिओच्या मातीला होतो. अंगावर काळे कपडे. ते घालून सॉस भरत बसणार होतो का?"

"दर शुक्रवारी तोच भरायचा," इवानो म्हणाला. आर्तेमिओच्या जागी आता तो उभा होता. "अर्धं मेज. शेवटची बरणी उलटी. त्याची आई घरी तशीच ठेवायची, झाकणाला आतून गरम सॉस लागावा म्हणून."

"म्हणजे तुमच्यापैकी कोणीतरी नक्कल केली. नोकरी वाचवायला."

"किल्ली तुमच्याच खिशात आहे ना?" लोरेदानाने विचारलं.

मिरेल्लाने खिसा चाचपला. होती.

"बॉयलर?"

"शुक्रवारी सकाळपासून बंद," इवानो म्हणाला. "हात लावून बघा. बर्फ आहे. आत्ता पेटवतोय."

 लोरेदानाने छातीवर क्रूसाची खूण केली. "चाळीस वर्षांत एक रजा घेतली नाही मेल्याने. आता कशाला घेईल?"



मिरेल्लाने हातमोजा घालून उलटी बरणी उचलली आणि नमुना म्हणून खिडकीत ठेवली, उलटीच. काचेबाहेर पो नदीवरचं धुकं टेकलं होतं.

सॉस तापू लागला. लेबलयंत्र हळू वेगाने सुरू झालं. एकेक रांग पुढे सरकत गेली. अकरावी रांग संपत असताना पलीकडून पहिली भरलेली बरणी मेजावर आली. मग दुसरी. पट्टा एकदाही थांबला नाही.

"शून्य थांबे," मिरेल्ला म्हणाली. "लाइन इथेच राहील."

इवानोने लोरेदानाच्या पाठीवर थाप मारली. लोरेदाना मात्र खिडकीकडे बघत होती.

बरणीमागची काच घामेजली होती.

मिरेल्लाने बरणी सरळ केली. झाकण फिरवलं. तापमापी आत बुडवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

पंच्याऐंशी अंश.