गुराख्याची सुनावणी

औद्योगिक न्यायालयात बावीस वर्षं मोसोजाने नावाचे न्यायमूर्ती मालकांना एकच गोष्ट ठणकावून सांगत आले: बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही कामावरून काढायचं नाही.

निवृत्तीनंतर ते कलहारी वाळवंटातल्या आपल्या गुरांच्या तळावर गेले, तर एक बैल कमी.

"ओतेंग, आत्ताच्या आत्ता चालता हो!" त्यांनी गुराख्याला फर्मावलं.

"साहेब, माझी बाजू तरी..."

"हे काय कोर्ट आहे?"

ओतेंगने घोंगडं खांद्यावर टाकलं आणि नेहमीची शीळ घालत वाट धरली. त्या शिळेवरच वाढलेली दीडशे गुरं उठली आणि मुकाट त्याच्यामागे चालू लागली.



"अहो ओतेंगभाऊ, थांबा!" वाळूत फसलेला बूट तिथेच सोडून साहेब धावत सुटले. "सुनावणी ठेवलीय तुमची! आत्ताच!"